मेलेल्याचा अंगठा

सिनेमातला मोठा नट पहिल्यांदाच नाटकात उभा राहिला. आई पहिल्या रांगेत होती. शेवटच्या प्रवेशात तो गोळी लागून कोसळला. आईने गडबडून शेजारची रिकामी खुर्ची चाचपली आणि ताडकन उठली.

"अरे, ऊठ ना रे बाळा!"

नट गोंधळला. उठावं तर नाटक बुडतं, न उठावं तर आई रंगमंचावर चढते. शेवटी मेल्या मेल्याच त्याने पायाचा अंगठा हलवून दाखवला. आई खाली बसली. प्रेक्षक मात्र हसून लोळले.

पडदा पडल्यावर तो चिडला. "एवढ्या सिनेमांत मेलो, तेव्हा कधी टिपूस नाही काढलंस!"

"तेव्हा तू माझ्या शेजारी बसून चहा पीत असायचास."