तवाचे दिवस

रिटायर होऊन आठ दिवस झाले नाहीत, तोच निवृत्तीनं बीडचं घर बंद करून तलवाड्याच्या शेतात राहायचं ठरवलं.

"गॅस नको, मिक्सर नको, नळ नको. आपलं लगीन झालं तवाचे दिवस लई चांगले व्हते, केशर. तसंच राहू."

केशरबाईच्या मनात पाल चुकचुकली. पस्तीस वर्षांत या माणसानं उठून स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता.

"चूल कोण पेटवणार?" तिनं हळूच विचारलं.

"तूच की. तुझ्या चुलीवरच्या भाकरीची चव या गॅसला न्हाई."

"आन् पाणी?"

"आड हाय की जवळच. डोक्यावर घागर घेतली की लई शोभायचीस तू."

"मंग तुमी काय करणार?"

निवृत्तीला याचा विचारच करावा लागला. "मी... मी बसतो की बाजंवर, तुझ्यासंगं बोलत."

केशरबाईला आता कसली शंका उरली नाही. तिनं उठून पिशवीत चार लुगडी भरली. निवृत्ती खूश झाला.

"आजच निघायचं व्हय?"

"तुमी जा तलवाड्याला. मी लिंबागणेशला भावाकडं चालले. तुमाला लग्नानंतरचे दिवस आठवत्यात, मला लग्नाआधीचे."