बावीस फाईली

नव्या शरीरात येऊन तीन महिने झाले, तरी जयसिंगरावांच्या आठवणींच्या बावीस फाईली उघडत नव्हत्या. दुकानात आलेली फाईल उघडल्याशिवाय परत द्यायची नाही, हा आठवणी दुरुस्त करणाऱ्या मकरंदचा हट्ट होता.

“तेवढ्या राहू द्या ना,” जयसिंगरावांची बायको शैला म्हणाली. “हे आता किती शांत झालेत.”

मकरंदनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फाईली शरीर बदलताना बिघडल्या नव्हत्या. प्रत्येकीची सुरुवात कुणीतरी मुद्दाम पुसली होती. मकरंदनं ती जुन्या शरीरातून पुन्हा भरली. बावीसच्या बावीस उघडल्या.

“झालं बघा काम!”

मशीनला जोडलेल्या जयसिंगरावांनी मान वळवण्याआधीच शैलानं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

“तू पुसल्यास?” त्यांनी तिचे केस मुठीत धरले आणि तोंड काउंटरवर आपटलं. पुन्हा आपटलं. जुन्या हातांत एवढा जोर कधीच नव्हता. काचेवर रक्त उडालं, एक दात घरंगळत गेला.

मकरंद त्यांना आवरायला गेला आणि एका फटक्यात भिंतीवर आदळला. तो सरपटत मशीनपाशी पोचला आणि त्यानं ‘फाईली बंद करा’ दाबलं.

पडद्यावर ओळ उमटली : ‘मालकाचा अंगठा लावा.’

तो अंगठा शैलाच्या केसांत रुतलेला होता.