नऊचे तीन

संशोधन शिष्यवृत्तीच्या बैठकीत एका तरुण डॉक्टरणीचा अर्ज निघाला. विषय नवजात बाळांचा बहिरेपणा. यंदा हुकलं, तर वयाच्या अटीत ती कायमची बाद. परीक्षक बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले, जोडीच्या सरांनी दोन. “उंदीर फारच कमी घेतलेत,” सर म्हणाले. “सर, यात उंदीर नाहीत, बाळं आहेत. तुम्ही भलताच अर्ज वाचलाय.” “मग बाळं कमी घेतलीत.” अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “दोघांच्या गुणांत एवढं अंतर नियमात बसत नाही. कोणीतरी सरका.” सर बाईंकडे बघून गोड हसले. “पुढचा अर्ज तुमच्याच विद्यार्थ्याचा ना, बाई? नियमाप्रमाणे तुम्ही बाहेर बसाल. आत मी आहेच.” बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग नऊ खोडून तीन लिहिले. “बघा, समजुतीनं घेतलं की जमतं,” म्हणत अध्यक्षांनी चहा मागवला.