तिच्या एकटीच्या नावावर

"वारस म्हणून नाव लावाचं नाही," जीवराम नाना म्हणाले. "सगळं तिच्या एकटीच्या नावावर पाह्यजे."

डिंपलने कॉम्प्युटरवरची नजर काढली. जळगावातल्या तिच्या या छोट्या ऑफिसात शेअर आणि फंडांबद्दल विचारायला रोज कुणी ना कुणी यायचं. पैसे लवकर कशात वाढतील, हाच बहुतेकांचा प्रश्न. नाना मात्र आल्यापासून वाढीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. ते रावेरकडचे केळी बागायतदार. बाग चांगली आली की थोडे शेअर, थोडे फंड घेऊन ठेवायची त्यांची जुनी सवय.

"नाना, दोघांच्या नावावर ठेवू या ना. पुढेमागे काही झालंच तर काकूंना आपोआप मिळेल."

"माह्यी सही कुठंच लागाले नको. तिले पैसे काढाचे असले तं मले विचाराची पाळी येवाले नको. पोरालेबी नाही."

"पण एवढी घाई कसली?"

"आखाजीच्या आत व्हाले पाह्यजे." अक्षय्य तृतीयेची ही मुदत सांगून नाना खिडकीबाहेर बघत बसले. चेहरा पार उतरलेला होता.

असाच चेहरा डिंपलने घरात पाहिला होता. वडिलांना आपला आजार कळला होता, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते गेले तेव्हा कुठल्या बँकेत काय आहे, हेसुद्धा आईला ठाऊक नव्हतं. आईच्या मागे बँकांच्या एकेका खिडकीसमोर उभी राहता राहताच डिंपल हे काम शिकली होती.

"तब्येत बरी आहे ना, नाना?"

"हाये, हाये. चांगली हाये," नाना घाईघाईने म्हणाले.

वडीलही असंच म्हणायचे. तिने पुढे काही विचारलं नाही. खुर्ची जवळ ओढून ती त्यांचे शेअर बघू लागली.

"व्यापाऱ्यांच्या नादानं घेतलेले हे शेअर काढून टाकू. फार वरखाली होतात. काकूंना शांत झोप लागली पाहिजे."

"बराबर. तिले झोप लागली पाह्यजे."

"थोडे पैसे बँकेत ठेवीत ठेवू, अडीअडचणीला. बाकीचे जरा सावध फंडात. त्यातून महिन्याच्या महिन्याला त्यांच्या खात्यात ठरावीक रक्कम येत राहील. बाजाराची हमी मी देत नाही, पण बेताने घेतले तर पैसे पुष्कळ वर्षं पुरतील."

"ती म्हातारी व्हईलोक?"

"हो, नाना. म्हातारपणापर्यंत पुरतील."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच पाठ टेकली.

पुढच्या खेपेला ते बायकोला, सुगंधाबाईंना, घेऊन आले. बाई किरकोळ अंगाच्या, नजरेने तल्लख. मोबाइलवर आपले फंड कसे बघायचे हे डिंपलने एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच करून दाखवलं.

"बाजार पडला तं म्या काय कराचं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. घाबरून विकायचं नाही, बस."

"घाबरनं सोडलं म्या आता," सुगंधाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

नाना कोपऱ्यातल्या बाकावरून बायकोकडे टक लावून बघत होते. त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेव्हा ते हळूच म्हणाले, "हुशार हाये ती. म्याच कधी काही तिच्या हाती देलं नाही."

डिंपलला राहवलं नाही. "नाना, काकूंशी बोललात का तुम्ही? स्पष्ट?"

नाना दचकले. "तुले कसं समजलं?"

"आमच्या घरी झालंय. लक्षात येतं मला."

नानांचे डोळे भरून आले. "तुह्या मायचंबी असंच झालं का? लई वाईट गोष्ट, पोरी." मग उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, "तिले माह्या अगोदर ठाऊक व्हतं. मलेच उशिरा समजलं."

म्हणजे डॉक्टरांनी बाईंनाच आधी सांगितलं असणार. तरी बाई किती सावरलेल्या! डिंपलला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. या कामाची फी घ्यायची नाही, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

आखाजीच्या अगोदरच सगळं पार पडलं. शेवटच्या दिवशी नाना रिक्षा बघायला खाली उतरले, आणि डिंपलने सुगंधाबाईंचा हात हातात घेतला.

"काकू, पैशाची चिंता आता सोडा. फक्त जवळ बसून राहा. जे दिवस हातात आहेत, ते दोघांनी मिळून काढा. आमच्या आईला तेवढंही मिळालं नाही."

"कोनाचे दिवस, माय?"

"नानांचे." डिंपल म्हणाली. "मला कळलंय, काकू."

सुगंधाबाईंनी आपला दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

"अवं, त्याहीले काहीबी झालं नाही. अजून केळीचा घड एकटे खांद्यावर घेतात." खाली रिक्षा थांबली. नानांनी जिन्यातून हाक मारली, तसा बाईंनी आवाज खाली आणला. "मीच चालली आखाजीले त्याहीले सोडून. सांगतलं तं दोन दिवस बोललेच नाही. मंग म्हने, जाशीन तं जाय, पन कोनापुढं हात पसरू नको. माह्यापुढंबी नाही."