भाजी कुठवर आली?

साहेब तासातासाला "काम कुठवर आलं?" विचारायचे, म्हणून विपुलने मुंबईची नोकरी सोडली आणि खालापूरच्या एका शाळेत निम्म्या पगारावर क्लार्क म्हणून लागला. भेटेल त्याला सांगायचा, "पैसे कमी, पण डोक्याला ताप नाही."

आता तो पाचलाच दहिवलीला घरी यायचा. चहा झाला की स्वयंपाकघराच्या दारात उभा. "आई, भाजी कुठवर आली? भात अजून नाही टाकलास? काल का उशीर झाला?"

महिन्याभराने एकदा तो घरी आला, तर त्याची आई विमलबाई पिशवी भरून पायात चपला घालत होत्या.

"कुठं निघालीस गं?"



"पळसदरीला, तुझ्या बहिणीकडं भातलावणीला. दिवसभर चिखलात वाकायचं हाय रं, पण डोक्याला ताप नाय."