रोहित पक्ष्यांचे पाय

कित्येक वर्षांनी अण्णा कॅनव्हास काखेत धरून धाकट्या भावाच्या, अच्युतच्या, दारात उभे राहिले. पूर्वी दोघे मिळून तैलचित्रं करायचे. पक्षी अण्णांचे, पाणी अन् आभाळ अच्युतचं. लोक पक्ष्यांचंच कौतुक करायचे. त्यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं तुटलं.

"यातलं पाणी तेवढं करून देतोस?" अण्णांनी विचारलं.

कॅनव्हासवर रोहित पक्ष्यांचा थवा होता. पंखांचा गुलाबी रंग अण्णांनाच जमावा असा. पण एकाही पक्ष्याला पाय नव्हते.

"पाय राहिलेत की, अण्णा."

अण्णांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत होता. "बारीक रेघ ओढता येत नाही रे आता."

अच्युतने बारीक ब्रश घेतला आणि एक पाय ओढला.

"जाड झाला. पूस. गुडघा खाली घे," अण्णा म्हणाले.

अच्युतने पुसून पुन्हा ओढला. त्याला राग आला नाही. उलट बरंच वाटलं.

"मोठे भाऊजी जेवायला थांबणार ना?" आतून अच्युतच्या बायकोने विचारलं.

अण्णांच्या आधी अच्युतच बोलला, "थांबतील. अजून एवढे पक्षी उभे करायचेत."