चारी बाजूंनी दार

वर

उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. चौकटीशी येताच तो घराकडे वाकला.

"सापडली," गोपाल म्हणाला.

टायरच्या ट्यूबची कापलेली पट्टी त्यानं फटीवर धरली आणि बारीक खिळे ठोकले. दाराच्या पलीकडे त्याचं गॅरेज, अलीकडे घराची एकुलती एक खोली, मागं अंगणात उघडणारी. कपाशीवरच्या बोंडअळीचं साल होतं. नेरच्या त्या गॅरेजात मोटरसायकली कमी आणि फवारणीचे पंप जास्त येत होते. कित्येक पंपांच्या तळाशी औषध तसंच असायचं. त्या वासानं चार वर्षांच्या सोनूची छाती शिट्टीसारखी वाजे. डॉक्टर म्हणाले होते, वास थांबवा, नाही तर पोरीला इथून हलवा. हलवायचं म्हणजे पार झरीकडे, वैजूच्या आईकडे. आणि सोनू तर बापाच्या मांडीवर बसल्याशिवाय घास गिळत नव्हती.

गोपालला स्वतःला तो वास येतच नव्हता. पंपांनी त्याचं नाक केव्हाच मारलं होतं. म्हणून तो आत आला, दार लावलं, सोनूशेजारी उकिडवा बसला आणि बायकोला विचारलं,

"आता वास येऊन राह्यला का?"

वैजूनं श्वास घेतला. "येते."

बिजागरीकडे

इथं पट्टी बसेना. दार मिटलं की दुमडायची. त्यानं दारच उतरवलं, कड रंध्यानं तासली, पट्टी आतल्या अंगानं लावली. पुंडलिकराव पंप दुरुस्तीला घेऊन आले होते. ते बघत उभे राहिले.

"काय गा गोपाल, तिजोरी बनवून राह्यला का?"

"तिजोरीच समजा, काका. सोनू ठेवाची हाय."

पुंडलिकराव हसायचे थांबले. आत आणलेला पंप त्यांनी उचलला आणि बाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला.

"मले सांगाचं ना लेका. धुऊन आणला असता."

दार पुन्हा चढलं. गोपाल आत गेला. सोनू धावत येऊन गळ्यात पडली आणि खोकली.

"येते," वैजू म्हणाली. त्यानं विचारायच्या आधीच.

खाली

पाण्याचा जाड पाइप उभा चिरून दाराच्या खालच्या कडेवर चढवला. आता दार ढकलायला खांदा लावावा लागे.

आत. उकिडवा. मांडीवर सोनू.

येते.

किल्लीचं भोक

हे काम पलीकडूनच करायचं होतं. त्यानं गॅरेजचं शटर खाली ओढलं, दार घट्ट मिटून घेतलं आणि अंधारात उभा राहिला. घरातला उजेड एवढ्या एकाच ठिकाणाहून येत होता. त्यानं बोटानं मेण दाबलं. उजेड गेला.

"वैजू! आता?" पलीकडून त्याचा बारीक आवाज आत आला.

वैजूनं श्वास घेतला. शिजल्या भाताचा वास. सोनूच्या डोक्यातलं खोबरेल तेल. तिनं पुन्हा घेतला, छाती भरून. बाकी काही नाही. सोनू पाटीवर रेघोट्या ओढत होती. तिची छाती वाजत नव्हती.

"गेला!" असं ओरडणारच होती ती. शब्द ओठांवर थांबला.

आजवर प्रत्येक वेळी "येते" म्हणताना तो इथंच बसलेला होता. त्याच कामाच्या शर्टात. त्याच्याच मांडीवर सोनू.

"वैजू? येऊन राह्यला का?"

"नाही येत" म्हटलं असतं, तर वास कुणाच्या अंगाला आहे ते त्याला कळायला वेळ लागला नसता. ती त्याला ओळखत होती. आजपासून त्यानं पलीकडेच अंथरूण टाकलं असतं, आणि ताटसुद्धा तिकडेच मागून घेतलं असतं.

"एक फट राह्यली," ती म्हणाली.

"कुठं?"

गॅसवर सोनूच्या आंघोळीचं पाणी तापलं होतं. तिनं ते बादलीत ओतलं. साबण घेतला. दोरीवरचा धुतलेला शर्ट खांद्यावर टाकला. मग दाराला तोंड लावून म्हणाली,

"शटर उघडा, अन् अंगातला शर्ट काढून ठेवा. या दाराले हात लावू नका. मीच येऊन राह्यली मागच्या दारानं, तिकडून."